परदेशातील शिक्षण आणि मायदेशाची रातपाळी

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या तरुणाने तेथील वर्गात बसावे आणि त्याच काळात मायदेशातील मालकाची नोकरीही चालू ठेवावी, ही व्यवस्था आता नवलाची राहिलेली नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीने कचेरीत पाऊल न टाकताही काम होऊ शकते हे मालकवर्गाला पटवून दिले. टाळेबंदी उठली, पण ती समजूत टिकली. मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांत, हिशेबाच्या पेढ्यांत, यंत्रांचे व इमारतींचे आराखडे काढणाऱ्या कचेऱ्यांत दोन-चार वर्षे नोकरी केलेली मुले पुढील शिक्षणासाठी जर्मनी, ब्रिटन किंवा कॅनडाला जातात, तेव्हा त्यांतील काही जणांना मालक सांगतो, "राजीनामा कशाला देता? तिकडून काम करा." मुलगा हरखतो, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. हा सौदा वरवर दोघांच्याही सोयीचा दिसतो. प्रत्यक्षात त्यातील सोय कोणाच्या वाट्याला येते आणि जोखीम कोणाच्या, याचा विचार कामगार चळवळीने अद्याप केलेला नाही. तो करण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न श्रीमंतांच्या मुलांचा आहे, असे म्हणून तो बाजूस सारणे सोपे आहे. ज्यांच्या वडिलांच्या खात्यात कोट्यवधी रुपये आहेत, त्यांना परदेशात शिकताना पुण्यातील मालकाचे काम रात्री जागून करण्याची गरज पडत नाही. हे काम करतो तो कर्ज काढून गेलेला मुलगा. परराष्ट्रात शिकायला जाणाऱ्या भारतीयांची संख्या २०२३ साली ८ लाख ९२ हजारांच्या घरात होती. २०२४ साली ती सुमारे ७ लाख ५९ हजारांवर आली, असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. एवढे लोक केवळ धनिकांच्या घरांतून निघत नाहीत. त्यांत गिरणी व कारखान्यातील कामगाराची, शिक्षकाची, रेल्वेतील कर्मचाऱ्याची, शेताचा तुकडा विकलेल्या शेतकऱ्याची मुले आहेत.

खोपोलीचे उदाहरण

खोपोलीसारखे गाव या बदलाचा अर्थ नीट समजावून देते. बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाने औद्योगिक महाराष्ट्राची तीन युगे पाहिली आहेत. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी १९१५ साली येथील वीजगृह सुरू केले आणि ती वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना गेली. पाणी सह्याद्रीचे, श्रम येथले, आणि नफा मुंबईच्या पेढ्यांवर, अशी ती रचना होती. याच पद्धतीच्या पुढच्या योजनेसाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडू लागल्या, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांना सत्याग्रह करावा लागला. बेचाळीसच्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले तेही याच कर्जतच्या परिसरात. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले.

दुसरे युग कारखान्यांचे. पोलाद, नळ, रसायने आणि कागद यांच्या कारखान्यांनी खोपोली-खालापूर पट्ट्यात हजारो कुटुंबांना पाळीची नोकरी दिली. भोंगा, हजेरीकार्ड, जादा कामाचा दुप्पट दर, बोनस, भविष्य निर्वाह निधी ही त्या युगाची भाषा. ती मालकांनी प्रेमाने शिकवलेली नव्हती. संघटनांनी संप करून ती कायद्यात लिहवून घेतली होती. त्या पगारावर एका पिढीने घरे बांधली आणि मुलांना शिकवले.

तिसरे युग आजचे. कायम कामगाराची जागा कंत्राटी कामगाराने घेतली आहे. द्रुतगती मार्ग खालापूरवरून जातो, त्याच्या कडेला गोदामे आणि बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. कर्जत, खालापूर आणि रसायनी येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराचा मुलगा त्यांतून पदवी घेतो, लोकलने मुंबईकडे किंवा घाट चढून पुण्याकडे नोकरीला जातो, आणि दोन वर्षांत त्याच्या लक्षात येते की या पदवीवर पगार वाढत नाही. मग परदेशी पदव्युत्तर शिक्षणाचा विचार घरात शिरतो. बापाने रातपाळी केली ती गावातल्या भट्टीवर; मुलगा रातपाळी करतो ती टोरांटोच्या भाड्याच्या खोलीत. फरक इतकाच की बापाच्या रातपाळीला कायदा होता.

कर्जाचा हिशेब

मुलगा ही नोकरी का धरून ठेवतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी निर्वाहाची रक्कम आधी दाखवावी लागते. जर्मनीत ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे आणि ती गोठवलेल्या खात्यात ठेवावी लागते. कॅनडाने हीच अट १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरवरून एकदम २०,६३५ डॉलरवर नेली आणि पुढे तीत आणखी वाढ केली. शुल्क वेगळे, विमानाचे भाडे वेगळे. एवढा पैसा बँकेकडून किंवा बँकेपेक्षा चढे व्याज घेणाऱ्या खासगी वित्तसंस्थेकडून येतो, आणि त्यासाठी घर तारण पडते. अभ्यासक्रम चालू असताना मुद्दलाची फेड थांबते, व्याज थांबत नाही.

ही बाजू ध्यानात घेतली म्हणजे मायदेशाच्या पगाराचे आकर्षण कळते. कर्ज रुपयांत आहे, हप्ता रुपयांत आहे, आणि पगारही रुपयांत येतो. परदेशात भांडी घासून मिळवलेले युरो तिथल्या भाड्यात आणि भाजीपाल्यात संपतात. इकडचा पगार मात्र थेट व्याज भरतो. शिवाय ते काम त्याच्या विद्येशी निगडित असते. हॉटेलच्या मुदपाकखान्यात उभे राहण्यापेक्षा संगणकावर स्वतःच्या विषयाचे काम करणे कोणालाही बरे वाटेल. परत आल्यावर नोकरी शाबूत असेल ही आशाही त्यात असते. तेव्हा ही व्यवस्था सरसकट निषिद्ध ठरवावी, अशी मागणी करणे म्हणजे बुडणाऱ्याच्या हातातील फळी काढून घेण्यासारखे होईल.

पण हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. महिना ४०,००० रुपये पगार आणि आठवड्याला ४५ तास काम धरले, तर तासाचा मोबदला २०५ रुपयांच्या आसपास पडतो. जर्मनीत किमान वेतन जानेवारी २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होते, ते जानेवारी २०२६ पासून १३.९० युरो झाले. युरोचा भाव ढोबळपणे शंभर रुपये धरला तरी हे १,३९० रुपये होतात. म्हणजे एकाच शहरात, एकाच खोलीत बसलेला विद्यार्थी पलीकडच्या गल्लीतील दुकानात माल रचून जे एका तासात मिळवील, त्यासाठी मायदेशाच्या मालकाकडे त्याला जवळजवळ सात तास राबावे लागते. भाडे मात्र तो खोपोलीच्या दराने देत नाही. ते युरोत द्यावे लागते. पगार येथला आणि महागाई तिथली, अशा कात्रीत तो सापडतो.

यात एक विसंगती अशी की जर्मनीच्या किमान वेतनाच्या कायद्यात मालक देशातला असो वा परदेशातला, जर्मनीत काम करणाऱ्या कामगाराला किमान वेतन मिळाले पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे. कायद्याचे कलम आहे. पण पुण्यातील मालकाकडून ते वसूल करायला कोण जाणार? ज्याने तक्रार करावी, त्याची नोकरी जाते आणि कदाचित व्हिसाही धोक्यात येतो. हक्क कागदावर राहतो आणि भीती खोलीत राहते.

प्रत्येक सीमेवर वेगळा कायदा

विद्यार्थ्याच्या व्हिसाचे नियम देशोदेशी निराळे आहेत, आणि त्यांतील फरक बारीक असले तरी परिणाम भयंकर आहेत. ब्रिटनमध्ये पदवी वा पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. मालक भारतात आहे आणि पगार भारतातील खात्यात जमा होतो, म्हणून ते काम या मर्यादेबाहेर राहत नाही. तेही तासांत मोजले जाते. कॅनडात याच्या उलट आहे. तेथे महाविद्यालयाबाहेरील कामाची मर्यादा नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तास आहे, पण देशाबाहेरील मालकासाठी दूर बसून केलेले काम त्या मर्यादेत धरले जात नाही. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. अमेरिकेत विद्यार्थ्याला सत्रकाळात विद्यापीठाच्या आवारात २० तास काम करता येते, आवाराबाहेर पूर्वपरवानगी लागते. परक्या देशातील मालकाचे काम खोलीत बसून केले तर काय, याचे स्वच्छ उत्तर नियमांत सापडत नाही आणि सल्ला देणारे परस्परविरुद्ध सल्ले देतात.

यावरून दिसते ते असे, की टोरांटोत जे काम निर्दोष आहे तेच मँचेस्टरला आठवड्याच्या एकविसाव्या तासाला गुन्हा ठरते. भारतातील मालक आपल्या कामगाराला आठवड्याचे ४५ तास नेहमीप्रमाणे राबवतो. त्याच्या वहीत काहीच बिघडत नाही. व्हिसा रद्द होतो तो मुलाचा, शुल्क बुडते ते मुलाचे, तारण घरावर जप्ती येते ती बापाच्या. नियम मोडून नफा मिळवणारा आणि नियम मोडल्याची शिक्षा भोगणारा हे दोघे वेगळे असावेत, हीच या व्यवस्थेची खरी मेख आहे.

कराची गुंतागुंत याहून कमी नाही. बहुतेक द्विपक्षीय करारांचे सूत्र असे की पगारावरचा कर जेथे प्रत्यक्ष काम केले त्या देशाचा. उलट भारतात हाती पडलेल्या उत्पन्नावर भारताचा आयकरही डोळा ठेवतो. परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला परकीय चलनाच्या कायद्याखाली अनिवासी मानावे, असे रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच परिपत्रक काढून सांगितले आहे. त्यामुळे पगार जमा होणारे खातेही बदलून घ्यावे लागते. किती मुलांना हे कोणी सांगते? मोठ्या कंपन्यांना या सगळ्याची पुरती जाण असते. आपला कर्मचारी परदेशात बसून काम करू लागला तर तेथील करखाते आपल्याला तेथले आस्थापन ठरवील, या धास्तीने त्या अशी परवानगी बहुधा नाकारतात किंवा काही आठवड्यांपुरती देतात. म्हणून हा सौदा प्रामुख्याने छोट्या आणि मध्यम मालकांकडे, तोंडी, कागद न करता होतो. "कोणाला सांगू नका" हीच त्याची पहिली अट असते.

'सल्लागार' या शब्दाचा अर्थ

या तोंडी सौद्यात एक लबाडी वरचेवर होते, ती उघड करणे आवश्यक आहे. मुलगा परदेशी निघाला की मालक त्याला कर्मचाऱ्यांच्या यादीतून काढतो आणि 'सल्लागार' करतो. काम तेच, वरिष्ठ तोच, सकाळची हजेरीची बैठकही तीच. बदलते ते एवढेच की मालकाला भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के भरावे लागत नाहीत, उपदानाची वर्षे मोजावी लागत नाहीत, रजा द्यावी लागत नाही, आणि काढून टाकताना नोटीस द्यावी लागत नाही. दहा टक्के कर उगमस्थानी कापला की त्याची जबाबदारी संपली. मुलाला वाटते, हातात थोडे जास्त पैसे येतात, मग बिघडले कुठे?

बिघडते ते येथे. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येते, पण स्वतंत्र व्यवसाय करण्याला साफ मनाई आहे. जर्मनीतही स्वतंत्र व्यवसायासाठी परकीय नागरिकांच्या कचेरीची वेगळी परवानगी लागते. कामाच्या १४० दिवसांत तो येत नाही. मालकाने निधीचे पैसे वाचवण्यासाठी ज्या क्षणी कामगाराला 'सल्लागार' म्हटले, त्या क्षणी तो विद्यार्थी लंडनमध्ये एका तासाच्या कामानेही व्हिसाचा भंग करू लागला. वीस तासांची मर्यादा पाळूनही तो दोषी. खोपोलीच्या कारखान्यांत कायम कामगाराला कंत्राटी करण्याची जी युक्ती वर्षानुवर्षे चालत आली, तीच येथे विद्वत्तेचा अंगरखा घालून आली आहे. कंत्राटदाराच्या कामगाराला निदान फाटकाबाहेर उभे राहून घोषणा देता येते; या 'सल्लागारा'चे फाटक सात हजार किलोमीटरवर आहे.

घड्याळ कोणाचे?

मालकाच्या दृष्टीने कामगार कोठे बसला आहे याला महत्त्व नाही; तो भारतीय वेळेनुसार उपलब्ध आहे की नाही, एवढेच तो पाहतो. भारतातील सकाळी दहा ते संध्याकाळी सात हा कामाचा दिवस हिवाळ्यात लंडनला पहाटे साडेचार ते दुपारी दीड असा पडतो, बर्लिनला पहाटे साडेपाच ते दुपारी अडीच, आणि टोरांटोला रात्री साडेअकरा ते सकाळी साडेआठ. म्हणजे युरोपात गेलेल्याचे सकाळचे वर्ग बुडतात, आणि कॅनडात गेलेला रात्रभर जागून सकाळी वर्गात बसतो. ज्या ज्ञानासाठी घर गहाण टाकले, ते ज्ञान घेण्याची वेळ मालकाने विकत घेतली. तीही सर्वांत स्वस्त दराने. परीक्षेत नापास झाला तर पुन्हा शुल्क, पुन्हा व्हिसा, पुन्हा कर्ज. मालकाला त्याचे काही नाही.

आणि यशस्वी झाला तर? तर मालकाच्या पदरी परदेशी विद्यापीठात शिकलेला, नवी तंत्रे अवगत असलेला कामगार जुन्याच पगारावर पडतो. शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला, जोखीम विद्यार्थ्याने पत्करली आणि वाढलेल्या उत्पादकतेचे फळ मालकाने खाल्ले. प्रशिक्षणाचा खर्च कामगारावर लोटण्याची इतकी निर्वेध पद्धत कारखानदारीच्या जुन्या जमान्यातही नव्हती; तेव्हा निदान उमेदवारीच्या काळात मालकाला यंत्र आणि उस्ताद पुरवावा लागत असे.

आश्रय आणि करार

परदेशी शिक्षण आणि मायदेशाची बांधिलकी हा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि त्या बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. मुदत संपली तेव्हा, १९१७ साली, लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, तेव्हा ती नोकरीही सुटली. अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या बळावर. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचे अध्ययन करीत असताना मुंबईच्या 'सुबोध पत्रिके'साठी तेथून पत्रे लिहीत होते. जयप्रकाश नारायण १९२२ पासून सात वर्षे अमेरिकेत शिकले ते द्राक्षमळ्यांत, कारखान्यांत आणि उपाहारगृहांत मजुरी करून.

या उदाहरणांतून एक भेद स्पष्ट होतो. बडोद्याचा करार कडक होता, पण शिकण्याच्या काळात त्याने विद्यार्थ्याचे दिवसाचे तास मागितले नाहीत. आधी शिका, मग सेवा करा, असे ते सूत्र होते. जयप्रकाशजींनी घाम गाळला तो ज्या भूमीवर राहत होते तेथील मजुरीच्या दराने. आजच्या सौद्यात या दोहोंतील वाईट तेवढे एकत्र आले आहे: शिकण्याचे तासही मालकाचे, आणि मजुरीचा दरही दुसऱ्या देशाचा.

सरकारी नोकरांच्या बाबतीत हे तत्त्व आजही मान्य आहे. केंद्रीय कर्मचाऱ्याला सेवाकाळात साधारणतः २४ महिन्यांपर्यंत अभ्यासरजा मिळू शकते आणि परतल्यावर तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र त्याला द्यावे लागते. म्हणजे कामगाराच्या शिक्षणाचा लाभ मालकालाही होतो, हे शासनाने स्वतःपुरते मान्य केले आहे. खासगी मालकाला मात्र ते मान्य करायला लावण्याचा विचारही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी शैक्षणिक रजेसंबंधीचा १४० क्रमांकाचा करार १९७४ साली संमत केला, घरबसल्या कामासंबंधीचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली. भारताने या दोहोंपैकी एकालाही मान्यता दिलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आणलेल्या चार श्रमसंहितांचा गाजावाजा झाला, पण सीमेपलीकडे बसून भारतीय मालकासाठी राबणाऱ्या कामगाराला त्यांत जागा सापडत नाही.

शासनाची अनास्था येथेच संपत नाही. शिष्यवृत्ती वेळेवर आणि पुरेशी मिळाली, तर दलित आणि मागास कुटुंबांतील विद्यार्थ्याला रात्रीची नोकरी करावी लागणार नाही. पण केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या एकूण १२५ जागा. आणि जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी फक्त ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे देऊन उरलेल्या ६६ जणांना, निधी उपलब्ध झाला तर पाहू, असे सांगण्यात आले. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याजसवलतीची 'पढो परदेश' ही योजना त्याआधीच, २०२२-२३ मध्ये, बंद करण्यात आली. शासनाने हात आखडला की खासगी वित्तसंस्था आणि मायदेशाचा मालक हे दोघेच उरतात.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की ज्या खालापूर-कर्जतच्या वाड्यांतील कातकरी कुटुंबे दरवर्षी उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, जेथे १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, त्या भागातील समाजवादी विचाराने लंडनच्या विद्यार्थ्याची चिंता कशाला वाहावी? हा आक्षेप प्रामाणिक आहे. वीटभट्टीवरच्या मजुराचे दुःख आणि परदेशी विद्यार्थ्याची अडचण यांना एका तागडीत घालता येणार नाही. एकाला पोटाचा प्रश्न आहे, दुसऱ्यापुढे निवड होती. तरीही दोघांना बांधणारी दोरी एकाच सुताची आहे. उचल घेतलेला मजूर हंगामभर दर ठरवू शकत नाही, कारण कर्ज आधी घेतलेले आहे. तारण टाकून गेलेला विद्यार्थीही दर ठरवू शकत नाही, त्याच कारणाने. कर्जाने श्रमाची किंमत पाडण्याची युक्ती भट्टीवरून संगणकापर्यंत पोहोचली, तर ती उद्या कोठे थांबेल? जो शिकलेला तरुण स्वतःच्या बाबतीत ही युक्ती ओळखील, तोच वाडीवरच्या मजुराच्या बाजूने उभा राहण्याची शक्यता अधिक.

दुसरा आक्षेप असा, की दोन प्रौढ माणसांनी राजीखुशीने केलेल्या करारात तिसऱ्याने पडू नये. कारखाना कायद्याला विरोध करताना मालकांचा युक्तिवाद हाच होता. गरज एकाच पक्षाला आहे, माहिती एकाच पक्षाकडे आहे आणि शिक्षा एकाच पक्षाला होते, अशा ठिकाणी राजीखुशी हा शब्द वापरणे ही भाषेची विटंबना आहे.

काय व्हावे?

बंदी घालणे हा मार्ग नव्हे, हे वर सांगितलेच. करायला हवे ते असे. परदेशी शिकणाऱ्या कर्मचाऱ्याला जो मालक काम देईल, त्याने ते लेखी नेमणूकपत्राने, कर्मचारी म्हणूनच दिले पाहिजे. 'सल्लागार' करून निधी बुडवण्याला मज्जाव हवा. त्या पत्रात आठवड्याचे तास यजमान देशाच्या मर्यादेत लिहिलेले असावेत, आणि कामाची वेळ विद्यार्थ्याच्या वर्गांनुसार ठरावी. मर्यादा ओलांडायला लावणाऱ्या मालकावर दंडाची तरतूद असावी, म्हणजे जोखमीचा भार एकट्या मुलावर राहणार नाही. ज्याला काम नको असेल त्याला ठराविक वर्षांच्या सेवेनंतर बिनपगारी का होईना, पण नोकरी राखून ठेवणारी अभ्यासरजा हक्क म्हणून मिळाली पाहिजे.

केंद्र सरकारवरही जबाबदारी आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापारकरार झाला, तेव्हा कंपन्यांनी तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचा सामाजिक सुरक्षेचा दुहेरी भरणा तीन वर्षे वाचावा, याची बोलणी सरकारने हिरिरीने केली. त्यात मुख्य लाभ कंपन्यांचा होता. मग विद्यार्थ्यांच्या कामाविषयीचे नियम स्वच्छ शब्दांत लिहून घेण्यासाठी तोच आग्रह का धरू नये? राज्य शासनाने जिल्ह्याच्या ठिकाणी आणि महाविद्यालयांत व्हिसा, कर आणि करार यांविषयी विनामूल्य सल्ल्याची सोय करावी. आज ही माहिती दलालांच्या दुकानांतून विकत घ्यावी लागते आणि दलाल जे सोयीचे तेवढेच सांगतो. शिष्यवृत्तीची रक्कम सत्र सुरू होण्याआधी खात्यात पडली पाहिजे, हे तर सांगायलाही नको.

पण सर्वांत मोठे काम कामगार संघटनांचे आहे. त्यांनी आजवर कामगार ओळखला तो फाटकावरून. संगणकापुढे बसलेला तरुण स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतो, आणि संघटना त्याला कामगार म्हणायला विसरते. पुण्यात माहिती-तंत्रज्ञानातील कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहू लागल्या आहेत. त्यांनी परदेशी शिकायला गेलेल्या सभासदाचे सभासदत्व चालू ठेवावे, त्याचे नेमणूकपत्र तपासून द्यावे, आणि निघण्यापूर्वी त्याच्या घरच्यांना बसवून हिशेब समजावून सांगावा. ज्या तारेवरून मालकाचे काम जाते, त्याच तारेवरून संघटनेचे पत्रही जाऊ शकते.

खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला गेलेल्या विजेचे माप होते. प्रत्येक एककाचा हिशेब ठेवला जाई आणि त्याचे मोल वसूल होई. माणसाच्या श्रमाचे माप तेवढेही कसोशीने ठेवले जात नसेल, तर शिक्षणाने मुक्ती मिळते हे वाक्य पोकळ ठरेल. कारखान्यातल्या पिढीने आठ तासांचा दिवस मालकाकडून हिसकावून घेतला. तिच्या मुलांनी तो दिवस सीमेवरील जकातनाक्यावर ठेवून पुढे जावे, हे त्या पिढीच्या लढ्याला शोभणारे नाही.